आधी शिकले, मग निघाले : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या घराघरांतून एकच चर्चा सुरू होते. किती टक्के पडले, प्रवेश कोठे मिळेल, मुलगा डॉक्टर होईल की इंजिनिअर, मुलीला कोणत्या शाखेला घालावे. ही चर्चा व्हायलाच हवी. परंतु शिकून झाल्यावर त्या शिक्षणाचे करायचे काय, हा प्रश्न त्या चर्चेत क्वचितच निघतो. आज ज्यांची जीवनकथा तुम्हाला सांगायची आहे, त्या गृहस्थांनी तो प्रश्न वयाच्या एकविसाव्या वर्षी स्वतःला विचारला आणि त्याचे उत्तर देण्यात उरलेले सारे आयुष्य घालविले. त्यांचे नाव डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर. आफ्रिकेतील जंगलात गोरगरिबांसाठी इस्पितळ उभारणारे म्हणून ते जगाला ठाऊक आहेत. परंतु त्या इस्पितळापर्यंत ते कसे पोहोचले, हे आपल्या विद्यार्थ्यांनी विशेष समजून घेण्यासारखे आहे.

अल्बर्टचा जन्म 14 जानेवारी 1875 रोजी आल्सास प्रांतातील कायझर्सबर्ग या गावी झाला. हा प्रांत फ्रान्स आणि जर्मनी यांच्या सीमेवर आहे. त्या काळी तो जर्मनीच्या ताब्यात होता, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे गेला. अल्बर्टचे वडील धर्मोपदेशक होते. मुलाच्या जन्मानंतर काही महिन्यांतच त्यांची बदली गुन्सबाख या डोंगराळ खेड्यात झाली आणि तेथेच अल्बर्ट लहानाचा मोठा झाला. घर श्रीमंत नव्हते, पण गावातील शेतकऱ्यांच्या घरांपेक्षा बरे होते. खाण्यापिण्याची ददात नव्हती.

एकदा शाळेतून येताना अल्बर्टची एका थोराड मुलाशी कुस्ती जुंपली आणि अल्बर्टने त्याला चीत केले. खाली पडलेला मुलगा म्हणाला, की मलाही तुझ्यासारखे आठवड्यातून दोनदा मांसाचे सूप मिळाले असते तर मीही तुझ्याइतकाच ताकदवान झालो असतो. ही गोष्ट अल्बर्टच्या मनाला इतकी लागली, की जिंकल्याचा आनंद तर गेलाच, पण घरचे सूपही त्याला नकोसे झाले. पुढे वडिलांचा जुना कोट उसवून त्याच्यासाठी एक ओव्हरकोट शिवला गेला. गावातील इतर मुलांकडे ओव्हरकोट नव्हते, म्हणून त्याने तो घालण्यास साफ नकार दिला. वडिलांचा मार खाल्ला, पण कोट घातला नाही. चामड्याच्या बुटांऐवजी तो इतर मुलांसारखे लाकडी जोडेच वापरी. पालकांनी येथे क्षणभर थांबावे. आपले मूल असा हट्ट करू लागले तर आपल्यालाही राग येईल. परंतु त्या हट्टामागे काय आहे, हे एकदा विचारून पाहावे. अल्बर्टच्या बाबतीत त्या हट्टातूनच पुढचे सारे घडले.

अल्बर्ट हा काही जन्मापासून हुशार विद्यार्थी नव्हता. पुढील शिक्षणासाठी त्याला म्यूलहाउझ या शहरात नात्यातील वृद्ध दांपत्याकडे ठेवले. तेथील शाळेत धर्मोपदेशकाचा मुलगा म्हणून त्याला फी माफ होती, पण अभ्यासात त्याचे लक्ष लागेना. शेवटी मुख्याध्यापकांनी वडिलांना बोलावून घेतले आणि मुलाला शाळेतून काढलेले बरे, असे सुचविले. वडील रागावले नाहीत, त्यांनी मुलाला काढलेही नाही. थोड्याच दिवसांत एक नवे वर्गशिक्षक आले. ते प्रत्येक पाठाची घरून नीट तयारी करून येत आणि ठरलेल्या दिवशी वह्या तपासून परत देत. एक माणूस आपले काम इतक्या निष्ठेने करतो, हे पाहून अल्बर्टला स्वतःची लाज वाटली आणि तो अभ्यासाला लागला. काही महिन्यांतच तो वर्गातील चांगल्या मुलांत गणला जाऊ लागला. एका शिक्षकाची नेटकी वही काय करू शकते, याचे हे उदाहरण आहे.

1893 साली त्याने स्ट्रासबुर्ग विद्यापीठात प्रवेश घेतला. धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले, शिवाय ऑर्गन या वाद्याचे शिक्षण पॅरिसमध्ये विदोर या नामवंत वादकाकडे सुरू केले. 1896 सालच्या सुटीत तो गुन्सबाखच्या घरी होता. आपल्याला आईवडिलांचे प्रेम, विद्या, संगीत, आरोग्य सारे लाभले, आणि अवतीभवती असंख्य लोक दुःखात आहेत. हे सारे आपण फुकट कसे घ्यायचे, असा विचार त्याच्या मनात आला. तेव्हा त्याने ठरविले, की वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत विद्या आणि कला यांसाठी जगायचे आणि त्यानंतर माणसांची प्रत्यक्ष सेवा करायची. कोणती सेवा, कोठे, हे काहीच ठरले नव्हते. मुदत तेवढी ठरली होती.

तरुणपणी असे निश्चय पुष्कळजण करतात. ते मुदतीपर्यंत टिकत नाहीत. श्वाइट्झरांची पुढील नऊ वर्षे तर यशामागून यश देणारी होती. 1899 साली तत्त्वज्ञानातील डॉक्टरेट मिळाली, पुढच्याच वर्षी धर्मशास्त्रातील पदवी. विद्यापीठात ते शिकवू लागले. 1903 साली एका धार्मिक विद्यालयाचे प्रमुख झाले. संगीतकार बाख यांच्यावरील त्यांचा ग्रंथ 1905 साली निघाला आणि ऑर्गनवादक म्हणून युरोपभर त्यांचे नाव झाले. मान होता, पगार होता, राहायला घर होते.

या काळात त्यांनी जवळपास सेवेचे काम करून पाहिले. अनाथ मुले, बेघर माणसे, तुरुंगातून सुटलेले कैदी यांना मदत करण्याचा प्रयत्न केला. परंतु अशी कामे संस्थांच्या मार्फतच चालतात आणि एकट्यादुकट्याला त्यात फारसे काही करता येत नाही, असा अनुभव आला. त्यांना तर स्वतःच्या हातांनी करता येईल असे काम हवे होते. 1904 सालच्या शरद ऋतूत त्यांच्या टेबलावर पॅरिसच्या मिशन सोसायटीचे एक मासिक येऊन पडले. मध्य आफ्रिकेत, आज ज्याला गॅबन म्हणतात त्या फ्रेंच वसाहतीत, काम करायला माणसे मिळत नाहीत, असा लेख त्यात होता. तेथे आजाऱ्यांना डॉक्टर नाही, हे त्यांना पूर्वीच ठाऊक होते. त्यांचा शोध संपला.

आता पाहा. दुसरा कोणी असता तर त्याने दोनचार मैफिली करून पैसे जमविले असते आणि आफ्रिकेला पाठवून दिले असते. त्यातही काही वाईट नव्हते. परंतु तेथे कमतरता माणसाची होती. आणि माणूस जायचा तर उपदेश करणारा नको, औषध देणारा हवा. श्वाइट्झर तर डॉक्टर नव्हते. म्हणून 1905 साली, तीस वर्षांचे असताना, हे प्राध्यापक महाशय वैद्यकीय शाखेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले. आपल्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर बसून शरीरशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकू लागले. नातेवाईक व मित्र यांनी त्यांना वेड्यात काढले. दिवसा कॉलेज, शिकविण्याचे तास, रविवारी प्रवचन, रात्री ग्रंथलेखन आणि मधूनमधून मैफिली, असा हा क्रम सहा-सात वर्षे चालला. अखेरच्या परीक्षेची फी त्यांनी म्युनिकच्या एका संगीत महोत्सवात ऑर्गन वाजवून मिळविली. 1912 साली हेलेन ब्रेसलाउ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या कामात साथ देण्यासाठी हेलेनबाईंनीही परिचारिकेचे शिक्षण घेतले होते.

तरीही अडचण संपली नाही. मिशन सोसायटीला त्यांची धर्मविषयक मते पसंत नव्हती. त्यांनी तेथे जाऊन भलतेच काही सांगितले तर काय, अशी तिला धास्ती होती. श्वाइट्झरांनी सांगितले, की मी धर्माविषयी तेथे अवाक्षर काढणार नाही, फक्त डॉक्टर म्हणून काम करीन, आणि इस्पितळाचा खर्चही मीच उभा करीन. मदत घेणाऱ्याला मदतीच्या बदल्यात काही मानायला लावायचे नाही, ही अट अशी अगदी वेगळ्या कारणाने त्यांच्या कामाला सुरुवातीलाच लागली. पुढे तेथील मिशनऱ्यांनी त्यांना या बंधनातून मोकळे केले. पण आजाऱ्याला त्याची जात किंवा धर्म विचारून औषध दिले गेले नाही.

मार्च 1913 मध्ये औषधे व साहित्य यांचे सत्तर पेटारे घेऊन हे जोडपे निघाले आणि 16 एप्रिल रोजी ओगोवे नदीवरील लँबारेने येथे पोहोचले. विषुववृत्ताच्या जवळचा हा दमट जंगली प्रदेश. इस्पितळाची इमारत तयार असेल अशी अपेक्षा होती, पण मजूर मिळाले नव्हते. कारण असे, की सारे तरुण लाकूडतोडीला गेले होते. ओकुमे नावाच्या झाडाच्या लाकडाला युरोपात मोठी मागणी होती. त्यापायी लोकांनी शेती सोडली, मजुरीचा पैसा दारूत आणि दुकानच्या मालात गेला आणि खाण्यासाठी बाहेरून येणाऱ्या तांदळावर अवलंबून राहण्याची पाळी आली. तेथील दारिद्र्याची मुळे बरीचशी या व्यापारात होती, हे श्वाइट्झरांनी ओळखले. म्हणूनच आपण करतो तो उपकार नव्हे, गोऱ्या लोकांनी आफ्रिकेचे जे नुकसान केले त्याची ही थोडी परतफेड आहे, असे ते मानीत.

डॉक्टर आल्याची बातमी नदीकाठच्या गावांतून पसरली आणि दुसऱ्या दिवसापासूनच होड्या येऊ लागल्या. सुरुवातीला उघड्यावर तपासणी चाले. दुपारचे ऊन आणि संध्याकाळचा पाऊस यांनी जीव नकोसा झाला. जवळच कोंबड्यांचे एक जुने खुराडे होते. ते झाडून, चुना लावून त्याचाच दवाखाना केला. छपराला भोके होती म्हणून भर उन्हाळ्यात आतही डोक्यावर टोपी ठेवावी लागे. पहिल्या नऊ महिन्यांतच सुमारे 2000 रोगी आले. हिवताप, आमांश, निद्रारोग, कुष्ठरोग, हत्तीरोग, खरूज, चिघळलेल्या जखमा, हर्निया. काहीजण दोनशे-तीनशे किलोमीटर होडी वल्हवीत आलेले असत.

त्यांची पद्धत साधी होती. प्रत्येक रोग्याला पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा दोऱ्यात ओवून गळ्यात घालायला देत. त्यावर क्रमांक असे आणि त्याच क्रमांकाखाली नाव, आजार, औषध हे सारे वहीत लिहिलेले असे. दमट हवेत पुडीतले औषध टिकत नसे, म्हणून युरोपातील मित्रांना पत्रे जात, की रिकाम्या बाटल्या आणि डबे जपून ठेवा व पाठवा. रोगी एकटा येत नसे, सगेसोयरेही येत आणि चुली मांडून आपला स्वयंपाक आपणच करीत. श्वाइट्झरांनी तेथे युरोपातील वॉर्डांची शिस्त लादली नाही, त्यांच्या गावासारखेच इस्पितळ होऊ दिले. ज्याला जमेल त्याने पैसा, नाहीतर केळी, अंडी, कोंबडी आणावी, असे ते सांगत. जो देऊ शकत नव्हता त्यालाही औषध मिळे, पण देणाऱ्याचे ते आनंदाने घेत. फुकट मिळालेल्या गोष्टीने माणूस मिंधा होतो आणि थोडे दिले तरी त्याची मान ताठ राहते, हे त्यांना कळले होते.

त्यांचा पहिला मदतनीस जोसेफ हा स्वतः रोगी म्हणून आला होता. पूर्वी तो स्वयंपाकी होता. त्याला अनेक भाषा येत, म्हणून तो दुभाष्याचे काम करू लागला. शरीराचे अवयव तो खाटकाच्या भाषेत सांगे; एखाद्याच्या कटलेटमध्ये, तर एखाद्याच्या रांगेत दुखते आहे, अशी त्याची तक्रार नोंदवी. त्याला वाचता येत नव्हते, पण चिठ्ठीवरील अक्षरांचे आकार ओळखून तो नेमकी बाटली काढून देई. हेलेनबाई शस्त्रक्रियेची हत्यारे सांभाळीत, भूल देण्यास मदत करीत आणि घरही पाहत.

1914 साली महायुद्ध सुरू झाले. वसाहत फ्रेंचांची आणि श्वाइट्झर जर्मन प्रजाजन, म्हणून ते आपल्याच घरात नजरकैदेत पडले. 1917 साली त्यांना फ्रान्समध्ये नेऊन छावणीत डांबले. 1918 साली सुटले तेव्हा प्रकृती ढासळली होती आणि युद्धकाळात औषधांसाठी काढलेले कर्ज डोक्यावर होते. पुढच्या वर्षी मुलगी झाली. त्यांचे काम येथेच संपले असते तर कोणी दोष दिला नसता. परंतु त्यांनी स्वीडन आणि इतर देशांत व्याख्याने दिली, ऑर्गन वाजविला, आफ्रिकेच्या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि कर्ज फेडले. 1924 साली ते पुन्हा लँबारेनेला गेले. हेलेनबाईंची तब्येत आणि मुलीचे लहान वय यांमुळे त्या मागे राहिल्या. या सेवेची किंमत त्या दोघींनीही मोजली आहे, हे विसरू नये.

इस्पितळाच्या जागी गवत आणि वेली माजल्या होत्या. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. 1925 साली दुष्काळ आणि आमांशाची साथ एकदमच आली. जागा अपुरी पडू लागली तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला नवे इस्पितळ बांधायचे ठरले. डॉक्टरांनी स्वतः कुऱ्हाड घेतली, जंगल तोडले, खांब उचलले. त्या वेळचा एक प्रसंग विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. एक जड लाकूड हलवायचे होते. जवळ पांढऱ्या कपड्यातील एक तरुण रोग्याला भेटायला आला होता. डॉक्टरांनी त्याला हात लावायला सांगितले, तेव्हा तो म्हणाला, की आपण शिकलेले आहोत, लाकडे वाहत नाही. डॉक्टरांनी उत्तर दिले, की तुम्ही नशीबवान, मलाही शिकलेला माणूस व्हायचे होते पण ते जमले नाही. तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र व वैद्यक या तिन्ही विषयांत डॉक्टरेट मिळविलेला माणूस हे बोलत होता! जानेवारी 1927 मध्ये रोग्यांना होड्यांतून नव्या जागी हलविण्यात आले.

पुढे युरोपातून इतर डॉक्टर व परिचारिका मदतीला येऊ लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, 1939 साली, श्वाइट्झर विश्रांतीसाठी फ्रान्सला पोहोचले. युद्धाची चिन्हे दिसताच हाताशी असलेल्या पैशाची औषधे घेऊन थोड्याच दिवसांत ते परत फिरले. त्यानंतर 1948 पर्यंत त्यांनी लँबारेने सोडले नाही. 1952 सालचे नोबेल शांतता पारितोषिक त्यांना मिळाले, तेव्हा तो पैसा त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वसाहतीच्या बांधकामाला लावला. 4 सप्टेंबर 1965 रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी लँबारेने येथेच त्यांचा अंत झाला आणि इस्पितळाजवळच त्यांना मूठमाती देण्यात आली.

थोरांच्या चरित्रात फक्त गुणच सांगायचे, अशी आपल्याकडे रीत आहे. परंतु ती मुलांच्या उपयोगाची नाही. श्वाइट्झर आफ्रिकी माणसाला भाऊ मानीत, पण धाकटा भाऊ. थोरल्याने सांगावे आणि धाकट्याने ऐकावे, हा त्यांचा स्वभाव शेवटपर्यंत गेला नाही. 1960 साली गॅबन स्वतंत्र झाला, तरी आफ्रिकेच्या स्वातंत्र्याविषयी त्यांचे मन साशंकच होते. नव्या सोयी इस्पितळात आणण्यास ते नाखूष असत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे, इतक्या वर्षांत त्यांनी तेथील मुलांना शिकवून त्यांच्यातून डॉक्टर घडविले नाहीत. जोसेफला अक्षरांचे आकार ओळखता येत होते. त्याला वाचायला शिकविणे अशक्य का असावे?

ही उणीव त्यांच्या मागून आलेल्यांनी भरून काढली. 1981 साली तेथे नवे इस्पितळ उभे राहिले. संशोधन केंद्रही सुरू झाले. हिवतापावरील ज्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली केली, तिच्या चाचण्या ज्या आफ्रिकी केंद्रांत झाल्या त्यांपैकी एक लँबारेने होते. आज तेथे आफ्रिकी डॉक्टर आणि शास्त्रज्ञ काम करतात. ज्या नदीकाठी एकेकाळी औषधाच्या रिकाम्या बाटलीचीही वाण होती, तेथे आता औषधांची पारख होते.

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यायचे? प्रत्येकाने आफ्रिकेला जावे, असे कोणी म्हणणार नाही. परदेशी असो वा आपल्या गल्लीत, गरिबाला मदत करताना पैसा लागतोच आणि तो देणाऱ्याचे मोल कमी नाही. परंतु काही ठिकाणी पैसा पोहोचतो आणि माणूस पोहोचत नाही. तेथे जायचे तर नुसती दया घेऊन जाऊन भागत नाही, हातात विद्या लागते. श्वाइट्झरांनी ती विद्या मिळविण्यासाठी तिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या बाकावर बसण्याची तयारी दाखविली. आणि विद्यार्थ्यांनो, त्यांच्या हातून जे राहिले ते तुमच्यासाठी राहिले आहे. ज्याला मदत कराल त्याला आपल्या बरोबरीचा माना आणि तुम्हाला जे येते ते त्यालाही शिकवा. मग एक दिवस तुम्ही तेथे नसलात तरी काम अडणार नाही.

यंदा निकाल लागेल तेव्हा टक्के जरूर विचारा. त्याबरोबर आपल्या मुलाला आणि मुलीला हेही विचारा, की हे शिक्षण कोणाच्या उपयोगी पडणार आहे. उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. त्या मुलाने स्वतःला नऊ वर्षांची मुदत दिली होती.